रोज एक अल्बम: यादी उत्तम, पण लिंक डोळे झाकून दाबू नका

'१००१ अल्बम्स जनरेटर' ही वेब-सेवा एकच काम करते. रोज एक अल्बम पुढ्यात टाकते. तो ऐकायचा, एक ते पाच तारे द्यायचे, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या. दुसऱ्या दिवशी पुढचा. कोणता अल्बम येणार ते आपल्या हातात नाही. यादी घेतली आहे रॉबर्ट डिमेरी यांनी संपादित केलेल्या '१००१ अल्बम्स यू मस्ट हिअर बिफोर यू डाय' या पुस्तकावरून. त्याची पहिली आवृत्ती २००५ ची. पुस्तक कालक्रमाने चालतं आणि फ्रँक सिनात्राच्या १९५५ च्या 'इन द वी स्मॉल अवर्स'ने सुरू होतं. जनरेटर हा क्रम मोडून चिठ्ठी काढल्यासारखा अल्बम काढतो, आणि त्याची खरी ताकद तीच आहे. क्रमाने ऐकायला बसलेला माणूस साठच्या दशकाच्या शेवटी गिटारच्या ढिगाऱ्यात अडकतो आणि महिनाभर तिथून बाहेर पडत नाही.

सेवा म्हणून पाचपैकी चार तारे द्यायला हरकत नाही. पाचवा का नाही, याचं कारण यादीत नाही, लिंकमध्ये आहे. अल्बमच्या नावापुढे स्ट्रीमिंग ॲपची लिंक असते. ती दाबल्यावर जे उघडतं ते बऱ्याचदा यादीतल्या अल्बमचं थोरलं, सुजलेलं किंवा नव्याने मिसळलेलं (गाण्याचे नि वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवलेलं) भावंड असतं. मूळ अल्बम ३६ मिनिटांचा, आणि समोर अडीच तासांची डिलक्स आवृत्ती. नवखा श्रोता ती सगळी ऐकतो, कंटाळतो आणि दोन तारे देऊन मोकळा होतो. ते तारे अल्बमला नसतात, नंतर चिकटवलेल्या तालमींच्या टेपना असतात.

म्हणून प्ले दाबण्याआधी दोन आकडे बघायचे: ट्रॅक किती आणि एकूण वेळ किती. एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला साधारण २२ मिनिटं नीट बसत, त्यामुळे सत्तरच्या दशकापर्यंतचा एकेरी अल्बम ३० ते ४५ मिनिटांत संपायला हवा. ॲपमध्ये तासाच्या वर वेळ दिसली तर एक तर तो दुहेरी अल्बम आहे किंवा शेपटाला बोनस ट्रॅक आहेत. नव्वदच्या दशकात हा अंदाज चालत नाही. सीडीवर ७४ मिनिटं मावायला लागली आणि ती भरायची सवय जडली, त्यामुळे त्या काळातला ७० मिनिटांचा हिपहॉप अल्बम मूळचाच तेवढा असू शकतो. (तेवढा असायला हवा होता का, हा वेगळा प्रश्न.)

मूळ अल्बम कुठे संपतो हे कळलं की बोनस ट्रॅक सोडून देणं सोपं असतं, कारण बहुतेक वेळा ते शेवटी असतात. पण नेहमी नाही. फ्लीटवूड मॅकच्या 'रूमर्स'मध्ये (१९७७) ११ गाणी आहेत. 'साँगबर्ड'ने पहिली बाजू संपते आणि 'द चेन'ने दुसरी सुरू होते. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं त्या वेळी वगळलं गेलं आणि 'गो युअर ओन वे'च्या सिंगलच्या (एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला गेलं. २००४ च्या पुनर्मुद्रणात ते थेट या दोन गाण्यांच्या मध्ये घातलं. गाणं देखणं आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण एकट्या पियानोवरची शांत समाप्ती, मग तबकडी उलटायची उसंत आणि मग 'द चेन'चा ठोका, ही जी बांधणी होती ती त्याने मोडते. ॲपमध्ये एकाच अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या असतात. कलाकाराच्या पानावर जाऊन सर्वांत कमी ट्रॅकवाली शोधली की काम झालं.

देशागणिक वेगळ्या आवृत्त्या हा दुसरा घोळ. जिमी हेंड्रिक्सच्या 'आर यू एक्स्पीरियन्स्ड'च्या (१९६७) ब्रिटिश आवृत्तीत 'पर्पल हेझ' नाहीच. अमेरिकी आवृत्तीत ते पहिलंच गाणं आहे, आणि 'रेड हाउस'सह तीन गाणी तिथून काढलेली आहेत. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये (१९६६) ब्रिटनमध्ये १४ गाणी होती, अमेरिकेत ११. बीटल्सबाबत आज ॲपमध्ये ब्रिटिश क्रम सहज मिळतो. हेंड्रिक्सबाबत दोन्ही याद्या समोर ठेवून कोणती ऐकायची ते ठरवावं लागतं आणि रेटिंगखालच्या ओळीत तसं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर एकत्र ऐकणाऱ्या गटातली दोन माणसं दोन वेगळ्या अल्बमांवर वाद घालत बसतात.

आता सेटिंग. एकदाच करायचं, पण न करता बसलं तर पुढचं सगळं ऐकणं वाकडं होतं.

शफल, म्हणजे क्रम मोडून गाणी वाजवणं, बंद. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी साधं प्ले केलं, तोवर बोट पहिलं शफलवरच जायचं. तरीही आधी एखादी प्लेलिस्ट शफलवर वाजवली असेल तर तोच पर्याय चालू राहिलेला असतो. पहिलं वाजणारं गाणं यादीतलं पहिलंच आहे ना, एवढं बघायचं.

क्रॉसफेड शून्यावर. हा पर्याय एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर चढवतो. मेजवानीच्या प्लेलिस्टला ठीक, अल्बमला घातक. गॅपलेस, म्हणजे गाण्यांमध्ये फट न ठेवणारा पर्याय, मात्र चालू हवा. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) किंवा मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये (१९७१) गाणी एकातून एक निघतात; मध्ये पाव सेकंदाची फट पडली तरी टचकन ऐकू येते. थेट मैफलींच्या अल्बमांत तर प्रेक्षकांचा आवाज कापल्यासारखा तुटतो. जेम्स ब्राउनचा 'लाइव्ह ॲट द अपोलो' (१९६३) यासाठी चांगली चाचणी आहे. तो अर्ध्या तासात संपतो आणि गर्दी क्षणभरही गप्प बसत नाही. फोनवर फट नाही पण वायरलेस स्पीकरवर आहे, असं झालं तर दोष ॲपचा नसून स्पीकरकडे गाणं पाठवण्याच्या पद्धतीचा असतो. ब्लूटूथऐवजी वायर लावून बघितलं की खात्री पटते. मोफत खात्यावर गाण्यांच्या मध्ये जाहिरात येते. या तिन्ही अल्बमांचा त्यात पार चोथा होतो, त्यामुळे असे अल्बम उधारीच्या सशुल्क खात्यावर, ग्रंथालयाच्या सीडीवर, काहीही करून, सलग ऐकावेत.

ऑटोप्ले बंद. अल्बम संपला की ॲप स्वतःहून 'साधारण असंच' काहीतरी वाजवायला घेतं. अनोळखी अल्बम ऐकताना शेवट कुठे झाला तेच कळत नाही. याची उलट बाजूही आहे. बीटल्सच्या 'ॲबी रोड'वर (१९६९) 'दि एंड' संपल्यावर साधारण १४ सेकंद शांतता असते आणि मग 'हर मॅजेस्टी' हा छोटासा तुकडा येतो. अल्बम संपला म्हणून घाईने बंद करणारे तो हुकवतात. ऑटोप्ले बंद असेल तर वाजणं थांबेपर्यंत हात लावायची गरजच उरत नाही.

आवाज समान करणारं सेटिंग, म्हणजे नॉर्मलायझेशन, चालू ठेवलं तर चालेल. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने वाजवला की सगळ्या अल्बमची पातळी एकत्र हलते, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. शफल केलं की प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि तो फरक पुसला जातो. रोज वेगळ्या काळातलं ऐकणाऱ्याला याचा खरा फायदा होतो, कारण १९५९ चं जॅझ आणि १९९९ चं रॉक यांच्या ध्वनिपातळीत प्रचंड तफावत असते. पण दाबून मोठ्या केलेल्या मुद्रणातला चुरचुरणारा आवाज नॉर्मलायझेशनने जात नाही. रेड हॉट चिली पेपर्सच्या 'कॅलिफॉर्निकेशन'मध्ये (१९९९) तो ठळक ऐकू येतो. हेडफोन बदलू नका, मास्टरच (ज्यावरून सगळ्या प्रती निघतात ते अंतिम मुद्रण) तसं आहे.

ॲपल म्युझिक वापरणाऱ्यांनी डॉल्बी ॲटमॉसचा (आवाज चहूबाजूंनी पसरवणाऱ्या तंत्राचा) पर्याय 'ऑटोमॅटिक'वर असेल तर 'ऑफ' करावा, निदान पहिल्या ऐकण्यापुरता. जुळणारे हेडफोन जोडले की मूळ स्टिरिओऐवजी नव्याने केलेलं ॲटमॉस मिश्रण वाजतं. त्यात गाण्याचा आवाज मागे गेलेला, ढोल बाजूला सरकलेला, असं होऊ शकतं. कधीकधी ते सुंदर असतं. पण रेटिंग द्यायचं आहे मूळ मिश्रणाला.

मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा) यांचा मामला थोडा तपशिलात सांगायला हवा, कारण साठच्या दशकातल्या अल्बमांवरची निम्मी नाराजी इथे उगम पावते. त्या काळात बऱ्याच रॉक आणि पॉप अल्बमांचं मुख्य मिश्रण मोनो असायचं. स्टिरिओ नंतर, उरकून टाकल्यासारखं. हेडफोनवर ऐकलं की गाणारा एका कानात, वाद्यं दुसऱ्या कानात. वीस मिनिटांत डोकं जड होतं आणि दोष गाण्यांच्या माथी जातो. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) मोनोतच निघाला. पूर्ण स्टिरिओ मिश्रण नव्वदच्या दशकात तयार झालं. ॲपमध्ये दोन्ही एकाच पानावर पाठोपाठ असू शकतात, म्हणजे १३ गाणी दोनदा. पहिली १३ ऐकून थांबायचं. मोनो आवृत्ती मिळत नसेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधला 'मोनो ऑडिओ' पर्याय तात्पुरता उपाय आहे. तो दोन्ही कान एकत्र करतो, कानांची ओढाताण थांबते. खऱ्या मोनो मिश्रणाची सर त्याला नाही, कारण त्यात प्रत्येक वाद्याची पातळी वेगळी ठरवलेली असते. हे करून झाल्यावर सेटिंग परत फिरवायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा अल्बम सपाट वाटेल आणि का ते कळणार नाही.

काही दिवशी लिंक असूनही अल्बम मिळत नाही. नील यंग आणि जोनी मिचेल यांनी जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून संगीत काढून घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये परत आणलं. यादीत दोघांचेही अल्बम आहेत. डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' (१९८९) दुसऱ्यांच्या गाण्यांतून उसन्या घेतलेल्या तुकड्यांचे हक्क सुटेना म्हणून मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर आलाच नव्हता. असा दिवस उजाडला की लोक यूट्यूबवर 'फुल अल्बम' शोधतात. तिथे वेळ जुळवणं अत्यावश्यक. हक्कांची तपासणी चुकवायला काही जण गाणं किंचित जलद किंवा वरच्या सुरात करून चढवतात, काहींचं तबकडी वाजवायचं यंत्र मुळात चुकीच्या वेगाने फिरत असतं. ४५ मिनिटांच्या अल्बममध्ये एक टक्क्याचा फरक म्हणजे २७ सेकंद. तेवढी तफावत दिसली आणि गाणी पूर्ण असली तर सूर सरकलेला आहे असं समजावं.

सुराचं निघालंच आहे तर माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं (१९५९) उदाहरण घेऊ. पहिल्या सत्रात मुख्य टेप-यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ सुरापेक्षा थोडी चढी निघाली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ तबकड्यांवर तशीच राहिली. १९९२ मध्ये राखीव यंत्रावरच्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती आली. १९९७ च्या पुनर्मुद्रणापासून ती रूढ झाली. आज ॲपवर साधारणपणे दुरुस्त सूर मिळतो. मूळ अल्बम पाच ट्रॅकचा. सहावा दिसला तर तो 'फ्लेमेंको स्केचेस'चा दुसरा टेक (त्याच गाण्याचं वेगळं मुद्रण) आहे. तो ऐका, पण पाच मिनिटं थांबून.

याच्या उलट, काही ठिकाणी यंत्र बिघडल्यासारखं वाटतं आणि बिघडलेलं काहीच नसतं. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लव्हलेस'वर (१९९१) गिटारचा सूर सतत डोलतो. टेप खेचली गेल्यासारखा. केव्हिन शील्ड्स तारा छेडताना गिटारची ट्रेमोलो दांडी (तारांचा ताण बदलून सूर हलवणारी) हातात धरून ठेवतो, त्याचा तो परिणाम. फाइल पुन्हा उतरवून घेण्यात अर्थ नाही. निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'मध्ये (१९९१) शेवटच्या गाण्यानंतर बरीच मिनिटं शांतता आणि मग अचानक गोंगाट, तोही मुद्दाम लपवलेला ट्रॅक. झोपताना ऐकणाऱ्यांनी जपून.

लांबलचक अल्बमांचं काय करायचं, हे आधीच ठरवलेलं बरं. जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' (१९७०) तीन तबकड्यांचा, पावणेदोन तासांच्या आसपास. मॅग्नेटिक फील्ड्सचा '६९ लव्ह साँग्ज' (१९९९) तीन सीडींचा, जवळपास तीन तास. असे अल्बम एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नये. ते मुळातच तबकडी बदलत ऐकण्यासाठी होते, म्हणून एका दिवशी एक तबकडी, आणि तारे शेवटी. नवा अल्बम येताना आधीच्याला गुण विचारले जातात, त्यामुळे इथे प्रामाणिकपणा स्वतःशीच. अर्धवट ऐकलेल्याला गुण देण्यापेक्षा तो न ऐकलेला म्हणून नोंदवावा.

ताऱ्यांची पट्टी पहिल्या दिवशीच लिहून काढावी. अर्धा तारा नाही, आणि 'बरं होतं' या भावनेला तीन तारे देत गेलं की दोन महिन्यांत सगळा आलेख तीनवर सपाट होतो. कामाला येणारी पट्टी वर्तनावर आधारलेली असते: पाच म्हणजे याच आठवड्यात पुन्हा ऐकणार, चार म्हणजे दोन-तीन गाणी काढून ठेवली, तीन म्हणजे गाणं पुढे ढकलावंसं वाटलं नाही, दोन म्हणजे वाटलं पण ढकललं नाही, एक म्हणजे संपल्यावर सुटल्यासारखं झालं. इतरांची सरासरी आणि लेखी मतं तिथेच दिसतात. स्वतःचे गुण देईपर्यंत ती वाचू नयेत.

गटाने ऐकायची सोय हा या सेवेतला सर्वांत रसाळ भाग. सगळ्यांना त्या दिवशी एकच अल्बम येतो. चार-पाच जण पुरेत. दहाच्या पुढे गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे गुण टाकून पसार होतात. गट सुरू करताना शनिवार-रविवार सुट्टी ठेवावी. रोज ऐकलं तर १००१ अल्बमांना पावणेतीन वर्षं लागतात, आठवड्याला पाच केले तर पावणेचार वर्षांहून थोडी जास्त. दुसरा आकडा भीतिदायक वाटतो, पण सलग सात दिवसांचा रतीब फार थोड्यांना झेपतो. साचलेले अल्बम एका रविवारी उरकायला घेतले की पाचवा कोणता आणि सहावा कोणता ते आठवत नाही. चिठ्ठी आंधळी असल्याने कधीकधी सलग चार दिवस ब्रिटिश गिटारवाली पोरंच येतात. तो बिघाड नाही, यादीतच ती भरपूर आहेत.

यादीच्या कलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ती इंग्रजी भाषेतल्या रॉक-पॉपकडे झुकलेली आहे, आणि त्यातही ब्रिटिश डोळ्यांनी पाहिलेली. नायजेरियाचा फेला कुटी, सेनेगलचा युसू न्दूर, क्यूबातला 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब' भेटतात, पण पाहुण्यांसारखे. पंडित रविशंकर यांचा 'द साउंड्स ऑफ इंडिया' आहे. त्यात पंडितजी स्वतः इंग्रजीत आधी स्वर आणि ताल उलगडून सांगतात आणि मग मारू बिहाग, भीमपलासी वाजवतात, तबल्यावर चतुर लाल. आपल्याकडच्या श्रोत्याला ती शिकवणी ओलांडून पुढे जावंसं वाटेल. जाऊ नये, समेपर्यंत बोट धरून नेण्याची ती पद्धत ऐकण्यासारखी आहे. कॉर्नरशॉपच्या १९९७ च्या अल्बममधलं 'ब्रिमफुल ऑफ आशा' आशा भोसले यांच्यावरचं आहे, पण ज्यांच्यावर ते आहे त्यांचं गाणं यादीतून कळत नाही. याला केवळ पक्षपात म्हणता येणार नाही. पुस्तक 'अल्बम' हा घटक धरून चालतं. जिथे संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवर किंवा सुट्या गाण्यांत वाढलं, ते सगळं या चाळणीतून खाली गळतं. जुन्या ब्लूजचंही तेच. रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली; त्यातली जी त्या काळी निघाली ती सुटीच निघाली. त्याचा अल्बम असा काही त्याच्या हयातीत नव्हताच.

डेटाचा हिशेब छोटा आहे. ३२० केबीपीएसवर (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) ४५ मिनिटांचा अल्बम सुमारे १०८ एमबी खातो, ९६ वर ३२ च्या आसपास. लॉसलेस (काहीही न गाळलेला आवाज) घेतलं तर त्या १०८ च्या दुप्पट-तिप्पट. रात्री वायफायवर उतरवून ठेवला की प्रवासात तुटत नाही.

आणि हीच पद्धत वेगळ्या यादीवर चालवायची असेल तर जनरेटरही लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात कलाकार, दुसऱ्यात अल्बम, तिसऱ्यात साल, चौथ्यात मूळ आवृत्तीचे ट्रॅक आणि एकूण वेळ. पाचव्या रकान्यात रँड (RAND) हे कुठलाही आकडा काढून देणारं सूत्र घालून खालपर्यंत ओढायचं. इथे एक गडबड नेहमी होते. शीटमध्ये काहीही लिहिलं की हे आकडे बदलतात, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रम लावला की यादी उलटीपालटी होते आणि ऐकलेले अल्बम परत वर येतात. म्हणून आकडे कॉपी करून त्याच जागी केवळ 'व्हॅल्यू' म्हणून पेस्ट करायचे, त्या रकान्यावर एकदाच क्रम लावायचा आणि रकाना पुसून टाकायचा. चौथा रकाना भरायला मात्र टाळाटाळ नको. सहावा रकाना गुणांचा, आणि सातव्यात कोणती आवृत्ती ऐकली तिचं साल.